फाउंड्री घेण्याआधी पॅटर्न मोजा

प्रश्न : आमचा पंप बनवण्याचा कारखाना आहे. वडिलांनी सुरू केला, आता मी आणि धाकटा भाऊ मिळून चालवतो. तो विक्री बघतो, मी खरेदी आणि हिशेब. आमची सगळी कास्टिंग (लोखंडाचे ओतीव भाग) १८ वर्षं एकाच फाउंड्रीतून येतात. तिथले मालक आता थकलेत, मुलांना धंद्यात रस नाही, म्हणून फाउंड्री तुम्हीच घ्या असा निरोप त्यांनी पाठवलाय. आमच्या नव्या मॉडेलला परमनंट मॅग्नेट मोटार लागते, ती दुसऱ्या देशातून येते. गेल्या वर्षी तिच्यावाचून आमची असेंब्ली दोनदा रिकामी बसली. आणखी एका देशात आमचा माल एका वितरकामार्फत विकला जातो. पंप शेवटी कोणाकडे बसतात हे तो सांगत नाही, आणि स्पेअर पार्ट मात्र आमच्याकडून अगदीच थोडे मागवतो. भावाचं म्हणणं, फाउंड्री, मोटारीचा छोटा कारखाना आणि या वितरकाची कंपनी, तिन्ही विकत घेऊन टाकू. बँक कर्ज द्यायला तयार आहे. ‘फोर्डने काय केलं बघ, बीवायडी काय करते बघ, मोठे लोक सगळं स्वतःच करतात,’ हे त्याचं पालुपद. मला मात्र परदेशात माणसं नेमायच्या विचारानेच धडकी भरते. मी भित्री आहे की तो उतावळा?
– बेरीज-वजाबाकी

प्रिय ताई,

तुमच्या पत्रात तीन वेगळी दुखणी आहेत आणि भावाने तिन्हींवर एकच औषध लिहून दिलंय. फाउंड्रीचं दुखणं वारसाचं, मोटारीचं उशिराचं, वितरकाचं लपवाछपवीचं. माझ्या मते विकत घेण्याचं औषध यातल्या एकाच दुखण्याला लागू पडतं, तेही अर्ध्या मात्रेत. आणि ते नेमकं तिथे, जिथे तुम्हाला धडकी भरते.

कच्च्या मालापासून गिऱ्हाइकापर्यंतच्या साखळीतल्या कड्या एकाच मालकाच्या हातात आणणं, याला व्हर्टिकल इंटिग्रेशन म्हणतात. पाठ्यपुस्तकी मराठीत ‘उभं एकत्रीकरण’ म्हणता येईल, पण कारखान्यात हा शब्द उच्चारला तर लोक क्रेन शोधायला लागतील. तर आधी भावाचा फोर्ड घेऊ, कारण ही गोष्ट नेहमी अर्धीच सांगितली जाते.

मिशिगनमध्ये डिअरबॉर्नला, रूज नदीच्या काठी, फोर्डने १९१७ पासून एक प्रचंड कारखाना उभारायला घेतला. तो पूर्ण व्हायला १९२८ उजाडलं. एका टोकाला बोटींतून लोहखनिज आणि कोळसा उतरायचा, दुसऱ्या टोकाने तयार गाडी बाहेर पडायची. पोलादाची भट्टी स्वतःची, काच स्वतःची, वीजघर स्वतःचं. खाणी, जंगलं, बोटी आणि एक रेल्वेसुद्धा स्वतःची. इथपर्यंतची गोष्ट तुमच्या भावाला पाठ असणार.

राहिलं होतं ते रबर. ते यायचं प्रामुख्याने आग्नेय आशियातल्या मळ्यांतून. १९२२ साली ब्रिटिशांनी मलाया आणि सिलोनमधल्या रबराच्या निर्यातीवर मर्यादा घालणारी स्टीव्हनसन योजना आणली आणि भाव चढले. फोर्डने ठरवलं, रबरही आपलंच पिकवू. ब्राझीलमध्ये तापाजोस नदीकाठी सुमारे १० लाख हेक्टर जमीन मिळवली आणि फोर्डलँडिया नावाचं गाव वसवायला घेतलं. १९२८ च्या अखेरीला त्याची जहाजं यंत्रसामग्री घेऊन तिथे पोचली. आणि त्याच वर्षी, थोडं आधी, ब्रिटिशांनी ती योजना गुंडाळलीसुद्धा! कारण डच वसाहती तिच्यात सामील नव्हत्या. भाव चढलेला पाहून त्यांनी आपलं रबर वाढवलं आणि ब्रिटिशांची मुठ आपोआप सैल झाली.

पुढचं हाल तर विचारूच नका. रानात रबराची झाडं एकमेकांपासून लांब लांब उगवतात. फोर्डच्या माणसांनी ती ओळीने, दाटीवाटीने लावली, आणि पानांवरचा बुरशीचा रोग एका झाडावरून दुसऱ्यावर सरळ चालत गेला. आशियातले मळे फोफावले होते त्याचं एक कारण म्हणजे झाड समुद्रापार गेलं होतं, त्याची बुरशी गेली नव्हती. १९४५ साली फोर्ड कंपनीने सुमारे २ कोटी डॉलरचा तोटा सोसून सगळं ब्राझील सरकारला परत विकलं. तोवर कृत्रिम रबर बाजारात आलं होतं. रूजची पोलादभट्टीसुद्धा फोर्डने १९८९ मध्ये विकली आणि सुटे भाग बनवणारा विभाग २००० साली व्हिस्टिऑन म्हणून वेगळा काढला.

मी हे फोर्डची चेष्टा करायला सांगत नाहीये. रूज जेव्हा बांधलं तेव्हा त्याला पाहिजे त्या दर्जाचं, पाहिजे तितकं पोलाद वेळेवर मिळण्याची खात्री नव्हती. त्या काळी ते शहाणपणाचं असू शकतं. रबराच्या बाबतीत मात्र त्याने एका सरकारी योजनेवरचा राग धरून १७ वर्षांचा संसार मांडला. गेल्या वर्षी असेंब्ली दोनदा रिकामी बसली, तो राग अजून ताजा आहे, म्हणून विचारते : मोटार कशामुळे उशिरा आली हे तुम्हाला नक्की माहीत आहे का? पत्रात ते कुठेच नाही.

बीवायडीचं थोडक्यात सांगते. १९९५ साली चीनमधल्या शेन्झेनमध्ये ही कंपनी निघाली ती बॅटऱ्या बनवायला. गाड्यांच्या धंद्यात ती २००३ मध्ये एक छोटी कार कंपनी विकत घेऊन शिरली. आज बॅटरी, मोटार, पॉवर इलेक्ट्रॉनिक्स सगळं तिचं आहे, २०२४ पासून गाड्या वाहून नेणारी स्वतःची जहाजंही आहेत. पण क्रम बघा. विजेच्या गाडीतली सगळ्यात महाग आणि अवघड वस्तू जी बॅटरी, ती त्यांना आधीच येत होती, आणि तिथून ते एकेक पायरी पुढे चालत गेले. तुम्हाला काय येतं? पाण्याचा प्रवाह, इंपेलरचा (पंपातल्या फिरत्या चक्राचा) आकार, पंपाची कार्यक्षमता. वितळलेलं लोखंड, वाळूची ओल, कास्टिंगमधले ब्लोहोल (हवेच्या पोकळ्या) हे सगळं फाउंड्रीच्या मालकांना येतं, आणि तेच तर घरी चाललेत.

आता ज्या प्रश्नासाठी तुमचं पत्र मी बाजूला काढून ठेवलं होतं तो. एकच कडी एका देशात विकत घेणं शहाणपणाचं आणि दुसऱ्या देशात तेच मूर्खपणाचं, असं का होतं?

भाषा अर्थशास्त्राची आहे पण मुद्दा कोणत्याही खरेदी विभागाला कळेल असा. १९३७ साली रोनाल्ड कोस यांनी विचारलं होतं, की बाजारात सगळं मिळत असताना कंपन्या असतातच कशाला? त्यांचं उत्तर असं, की बाजारातून घेण्यालाही खर्च असतो : शोधायचं, घासाघीस करायची, करार लिहायचा, तो पाळला जातो का ते बघायचं. हा खर्च घरात करण्याच्या खर्चापेक्षा जास्त झाला की माणूस वस्तू घरात बनवतो. आता हा खर्च देशागणिक बदलतो हे उघड आहे. जिथे करार मोडला तर कोर्टात वर्षानुवर्षं जातात तिथे पुरवठादारावर विसंबणं महाग. मग अशा देशांत सगळ्यांनीच सगळं घरात करायला हवं, नाही का?

तसं दिसत नाही, आणि मला ही गोष्ट फार आवडते. दारोन असेमोग्लू, सायमन जॉन्सन आणि टॉड मिटन यांनी २००९ मध्ये ९३ देशांतल्या साडेसात लाखांहून अधिक कंपन्यांची माहिती तपासून एक अभ्यास प्रसिद्ध केला. (यातल्या पहिल्या दोघांना पुढे २०२४ चं नोबेल मिळालं, ते दुसऱ्या कामासाठी.) कोणत्या देशात कोणते उद्योग जास्त आहेत हा फरक बाजूला काढला, तर नुसती करारांची दुरवस्था किंवा नुसती भांडवलाची सोय यांपैकी एकट्या कशाचाही साखळी ताब्यात घेण्याशी सरळ संबंध दिसला नाही. जिथे दोन्ही एकदम होतं, म्हणजे करार पाळून घेणं अवघड आणि बाजारात भांडवल मात्र उपलब्ध, तिथे कंपन्या जास्त कड्या आपल्या हाती ठेवताना दिसल्या. कारण सोपं आहे. करार टिकत नाही म्हणून विकत घ्यावंसं वाटतं, पण विकत घ्यायला पैसा लागतो.

तुमच्या घरात काय झालंय बघा. बँक तयार आहे, म्हणजे दुसरी अट पुरी झाली, आणि भावाला वाटतंय की आपोआप पहिलीही झाली. तिन्ही ठिकाणी वेगवेगळं विचारा : इथे आपला करार खरंच मोडतोय का, आणि मोडला तर तो पाळायला लावायचा दुसरा काही मार्ग आहे का?

(एक आडवाट. जुन्या, अवाढव्य, सगळं स्वतः करणाऱ्या कंपन्या पाहून भुलायचं नाही, कारण कधीकधी त्यांच्या पोटात एखादा जुना करकायदा दडलेला असतो. जर्मनीत १९६७ पर्यंत विक्रीच्या प्रत्येक टप्प्यावर पूर्ण किमतीवर उलाढाल कर लागायचा. सूत एकाचं, कापड दुसऱ्याचं असलं की दोनदा कर. सगळं एका छपराखाली असलं की एकदाच. साहजिकच कंपन्यांना कड्या जोडण्यात फायदा दिसे. १ जानेवारी १९६८ ला मूल्यवर्धित कर आला आणि ते कारण संपलं.)

फाउंड्री आधी घेऊ. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण पैसे बुडायचे तर इथेच.

भावाचा पहिला युक्तिवाद मला न सांगता कळतो : ‘आज फाउंड्रीवाला आपल्यावर नफा कमावतो, उद्या तो नफा आपल्या घरात.’ मी पुष्कळ वर्षं खरेदी विभागात काढली आहेत आणि हे वाक्य प्रत्येक मीटिंगमध्ये ऐकलंय. ताई, फाउंड्रीची किंमत ठरवताना मालक पुढच्या वर्षांचा तोच नफा धरून किंमत सांगणार. म्हणजे तुम्ही तो नफा आज एकरकमी, आगाऊ आणि वर व्याज भरून विकत घेताय. खरा फायदा होतो तो एकाच परिस्थितीत : फाउंड्रीवाला मक्तेदार असेल आणि भाव इतका चढा लावत असेल की त्यापायी तुमचे पंपच कमी विकले जात असतील. तेव्हा एकाच्या नफ्यावर दुसऱ्याचा नफा चढतो आणि दोघांचं नुकसान होतं. एक मालक झाला की ते थांबतं. अठरा वर्षं टिकलेल्या फाउंड्रीने तुमचा गळा धरला असता तर तुमच्या पत्रात तक्रार असती. ती नाही.

दुसरी गोष्ट भट्टीची. भट्टीला तुमच्या ऑर्डरी कमी झाल्या म्हणून दया येत नाही. तिला भार लागतो. आज ती फाउंड्री तुमच्याखेरीज आणखी कोणाकोणाचं ओतते? त्यात तुमचे स्पर्धक किती? मालकी तुमची झाली की ते आपले पॅटर्न (ज्यावरून वाळूत साचा उठवतात ते नमुने) उचलून दुसरीकडे जातील, कारण आपल्या इंपेलरचं ड्रॉइंग स्पर्धकाच्या घरी ठेवायला कोण राजी होईल? २०१६ मध्ये टेस्लाने जर्मनीतली ग्रोमान इंजिनिअरिंग ही स्वयंचलित यंत्रं बनवणारी कंपनी घ्यायचं जाहीर केलं. तिच्याकडे इतर मोटार कंपन्यांचीही कामं होती. मालक बदलल्यावर ती सोडून द्यावी लागली. टेस्लाला ते परवडलं, तिची भूक तेवढी होती. तुमचे पंप भट्टीचा किती भाग भरतील हे तुम्हीच मोजा. मी चुकत असेन, पण अर्ध्याच्या वर जाणार नाही असं तुमच्या पत्रावरून वाटतं. याउलट तैवानच्या टीएसएमसीचं पाहा : १९८७ पासून ती दुसऱ्यांच्याच चिप बनवते, स्वतःच्या नावाची चिप विकत नाही. ‘आम्ही तुमच्याशी स्पर्धा करणार नाही’ या एका भरवशावर स्पर्धक कंपन्या तिच्याच छपराखाली येतात. तुमच्या फाउंड्रीच्या मालकांनी त्याच भरवशावर धंदा केलाय. तो भरवसा खरेदीखतात लिहून मिळत नाही.

तिसरं, आणि हे मी स्वतः भोगलेलं. मी ज्या कारखान्यात होते त्यांनी एक छोटा पुरवठादार विकत घेतला. वर्षभरात त्याच्या मालाचं रिजेक्शन वाढलं आणि परत पाठवलेला माल कमी झाला. दोन्ही एकाच वेळी! बाहेरचा असता तर त्याला दुसऱ्या दिवशी बोलावून झापलं असतं. आता आपलेच दात, आपलेच ओठ. खराब मालाचे पैसे कापायची डेबिट नोट कोणाच्या नावाने काढायची? शेवटी खराब माल आमच्याच मशिनशॉपमध्ये घासूनपुसून वापरायची सवय लागली.

विमान कंपनी डेल्टाने २०१२ साली पेनसिल्व्हेनियातली एक तेल शुद्धीकरण रिफायनरी विकत घेतली, इंधनाच्या भावातला रिफायनरीचा वाटा आपल्याला मिळावा म्हणून. काही वर्षं फायदा झाला, काही वर्षं तोटा. पण विमानं उडवणाऱ्या कंपनीच्या डोक्याला तेव्हापासून कच्च्या तेलाची आणि जैवइंधनाच्या नियमांचीही काळजी लागली. घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं, यातलंच हे घोडं.

मग फाउंड्रीचं करायचं काय? वारसाचं दुखणं आहे तर वारस शोधायला मदत करा. त्यांचा एखादा जुना सुपरवायझर किंवा शेजारची दुसरी फाउंड्री घेऊ शकेल. तुम्ही त्याला तीन वर्षांची ऑर्डर लिहून द्या, म्हणजे त्यालाही बँक दारात उभी करेल. आणि या मधल्या काळात दुसरी फाउंड्री विकसित करा, चार-दोन सोप्या कास्टिंगपासून. खरं तर हे अठरा वर्षांपूर्वीच करायला हवं होतं, रागावू नका.

आता मोटार.

मघाशी विचारलं की उशीर कशामुळे झाला. समजा चुंबकामुळे झाला. परमनंट मॅग्नेट मोटारीत बऱ्याचदा दुर्मिळ मृदा धातूंची चुंबकं बसतात आणि त्यांच्या प्रक्रियेत चीनचा वरचष्मा आहे. ४ एप्रिल २०२५ ला चीनने अशा सात धातूंवर आणि त्यांच्या चुंबकांवर निर्यात परवाना लावला. त्यानंतर इतर देशांतल्या काही मोटारगाड्यांच्या कारखान्यांना काही दिवस उत्पादन थांबवावं लागलं. तुमच्या भावाने घेतलेला मोटारीचा छोटा कारखाना अशा वेळी काय करेल? तोही रिकामा बसेल. फरक एवढाच, की तिथल्या कामगारांचा पगार तुम्ही द्याल. आवळलेली गाठ एक कडी मागे असताना पुढची कडी विकत घेऊन उपयोग नाही, आणि मागे मागे जात राहिलात तर तापाजोसच्या काठी पोचाल.

काही देश तर ही साखळी स्वतःच ओढतात. इंडोनेशियाने जानेवारी २०२० पासून कच्च्या निकेल खनिजाची निर्यात बंद केली : निकेल हवं तर भट्टी आमच्याकडे लावा. चिनी कंपन्यांनी तिथे जाऊन भट्ट्या उभारल्या. युरोपीय संघ जागतिक व्यापार संघटनेत गेला, २०२२ मध्ये निकाल त्याच्या बाजूने लागला, इंडोनेशियाने अपील केलं आणि बंदी चालूच राहिली. म्हणजे तिथे एखाद्या कंपनीने खाणीशेजारी भट्टी लावली तर ते तिचं धोरण मानू नका, ती तिची लाचारीही असू शकते. दुसऱ्याची नक्कल करण्याआधी त्याच्या देशाने त्याला पर्याय काय ठेवले होते ते बघावं लागतं.

पण समजा उशीर चुंबकामुळे नव्हता; पुरवठादाराने तुम्हाला रांगेत मागे टाकलं कारण तुम्ही छोटे. हे जास्त शक्य वाटतं मला. इथे मालकी आणि बाजार यांच्या मधल्या जागा खूप आहेत, आणि जगातल्या हुशार कंपन्या तिथेच राहतात.

नेदरलँड्सची एएसएमएल चिप छापण्याची यंत्रं बनवते. तिच्या यंत्राला दोन गोष्टी अशा लागतात की ज्या दुसरीकडे मिळतच नाहीत : प्रकाशाचा स्रोत आणि आरसे. प्रकाशाचा स्रोत बनवणारी अमेरिकेतली सायमर कंपनी तिने २०१३ मध्ये सरळ विकत घेतली, कारण ते तंत्र वेळेत तयार होईना आणि त्यापायी पूर्ण यंत्रच अडलं होतं. आरशांच्या बाबतीत तिने तसं केलं नाही. कार्ल झाइसच्या त्या उपकंपनीत २०१६ साली फक्त २४.९ टक्के हिस्सा घ्यायचं ठरवलं, एक अब्ज युरोंना. एकच कंपनी, एकच यंत्र, दोन पुरवठादार, दोन निराळी उत्तरं. काचेची घासाई हे झाइसच्या रक्तातलं काम आहे. ते आपल्या ताब्यात घेतलं तर बिघडेल, पण त्यांच्या खिशात आपला हात असला पाहिजे, एवढं त्यांनी ओळखलं.

जपानचं उदाहरण याहून जुनं. १ फेब्रुवारी १९९७ ला पहाटे करियामधल्या आयसिन या सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीच्या कारखान्याला आग लागली. टोयोटाच्या जवळजवळ सगळ्या गाड्यांना लागणारा ब्रेकचा एक छोटा व्हॉल्व्ह तिथेच बनायचा, आणि टोयोटाकडे साठा जेमतेम दिवस-दोन दिवसांचा. गाड्यांचं उत्पादन थांबलं. आयसिन टोयोटाच्या मालकीची नाही. टोयोटाचा तिच्यात काही हिस्सा आहे आणि अनेक दशकांचा संबंध. पुढच्या काही दिवसांत २०० च्या आसपास कंपन्यांनी आपापल्या मशिनवर ते व्हॉल्व्ह बनवायला घेतले. त्यांत शिवणयंत्रं बनवणारी ब्रदरसुद्धा होती. आठवडाभरात गाड्या पुन्हा निघू लागल्या. पैशांचं बोलणं बरंचसं नंतर झालं. असे संबंध विकत मिळत नाहीत हे खरं, आणि सगळ्या देशांत असे बांधताही येत नाहीत; पण एकाच कारखान्यावर सगळा भार टाकला होता ही टोयोटाची चूकही त्या आगीत दिसलीच.

दुसऱ्या टोकाला बोइंग. कॅन्सस राज्यातल्या विचिटाचा, विमानाचा सांगाडा बनवणारा आपला कारखाना तिने २००५ मध्ये विकला. तो स्पिरिट एअरोसिस्टिम्स झाला. मग वर्षानुवर्षं भावावरून रस्सीखेच, दर्जाच्या तक्रारी, आणि जानेवारी २०२४ मध्ये उडत्या विमानाचं दाराच्या जागी बसवलेलं पॅनेल निखळलं. त्याच वर्षी जुलैमध्ये बोइंगने तीच कंपनी परत घ्यायचा करार केला, ४.७ अब्ज डॉलरना. बाहेर देऊन मग पिळून काढलं तर काय होतं ते यात आहे. तेव्हा मी बाहेरून घ्या म्हणते म्हणजे सगळ्यात स्वस्त कोटेशनवाल्याकडून घ्या, असं ऐकू नका.

तुमच्यासाठी याचा अर्थ : मोटारीची ड्रॉइंग आणि वाइंडिंगचा तपशील तुमच्या नावावर असू द्या, डाय (धातूचे साचे) तुमच्या पैशाने बनवून तुमच्या मालकीच्या ठेवा, जरी त्या त्यांच्या मशिनवर चढलेल्या असल्या तरी. मोठ्या कंपन्या हे सर्रास करतात. ॲपलची कितीतरी यंत्रसामग्री दुसऱ्यांच्या कारखान्यांत उभी असते. तीन महिन्यांच्या गरजेचा आगाऊ अंदाज द्या आणि त्यातल्या पहिल्या महिन्याची पक्की ऑर्डर. दोन-तीन आठवड्यांचा साठा जवळ ठेवा. त्याचं व्याज कारखान्याच्या कर्जाच्या व्याजापुढे किरकोळ आहे, आणि हा हिशेब तुम्ही एका संध्याकाळी मांडाल. तरीही भावाला हिस्सा हवाच असेल तर छोटा घ्या, आणि बदल्यात रांगेतली जागा लेखी मागा.

राहिला वितरक. इथे मी भावाच्या बाजूने आहे, म्हणून तुम्ही खुर्चीत नीट बसा.

कास्टिंग आणि मोटार या वस्तू आहेत. दुसरीकडून मिळू शकतात. तुमचा पंप कोणाच्या आवारात बसला, किती तास चालतो, कुठे बिघडतो ही माहिती दुसरीकडून मिळत नाही. स्पॅनिश कंपनी इंडिटेक्स, म्हणजे झाराची मालक, कापड कापण्याचं काम बरंचसं स्वतः करते, शिवण बाहेरच्या छोट्या कारखान्यांना देते. पण आपली दुकानं आणि तिथून रोज येणारी विक्रीची माहिती घट्ट आपल्या हातात ठेवते. साखळीच्या मधली मोठी कडी तिने सोडली आणि गिऱ्हाइकाजवळची धरली. तुमचा वितरक नावं लपवतो आणि स्पेअर मागवत नाही, याचा सरळ अर्थ तो सुटे भाग दुसऱ्या कोणाकडून घेऊन तुमच्या पंपात बसवतोय. पंपाच्या धंद्यात नफा स्पेअरमध्ये असतो हे तुम्हाला मी सांगायला नको. इथे तुमचा करार खरंच मोडतोय.

तरी त्याची पूर्ण कंपनी घेऊ नका. तिच्यात त्याची जुनी उधारी, त्याची माणसं, इतर कंपन्यांचा माल, सगळं तुमच्या अंगावर येईल, आणि मग बसा उंटावरून शेळ्या हाकत. विक्री त्याच्याकडेच राहू द्या. स्पेअर पार्टचं छोटं गोदाम आणि दुरुस्तीची सेवा तेवढी स्वतःची उघडा. दोन-तीन तिथलीच माणसं. वॉरंटी अशी करा की वापरणाऱ्याने पंपावरचा क्यूआर कोड स्कॅन करून नोंद केल्याशिवाय ती सुरू होणार नाही. नावं आपोआप तुमच्याकडे येतील, मागायची गरज नाही.

फक्त वितरकाशी बोलण्याआधी त्या देशातला वकील गाठा. वितरकाला काढणं किंवा त्याचं काम कमी करणं काही देशांत फार महाग पडतं. बेल्जियमच्या १९६१ च्या कायद्यानुसार बेमुदत एकमेव वितरकाला वाजवी मुदतीची नोटीस किंवा तिच्याऐवजी भरपाई द्यावीच लागते, करारात काहीही लिहिलेलं असो. तुमच्या वितरकाच्या देशात काय आहे ते आधी कळलं पाहिजे.

आणि हिशेब तुमच्याकडे आहे म्हणून दोन गोष्टी झटपट. परदेशात तुमची स्वतःची कंपनी झाली की तिला पाठवलेल्या मालाचा भाव तुम्हाला मनाला येईल तसा लावता येत नाही. परक्या गिऱ्हाइकाला जो लावला असता तो लावायचा आणि तसं कागदोपत्री दाखवायचं. दोन्ही देशांचे आयकरवाले आणि मधले कस्टमवाले तिघंही तो भाव आपापल्या चष्म्यातून बघतात. दुसरी गोष्ट, व्यापार करारामुळे तिथे तुमच्या पंपावर शुल्क सवलत मिळत असेल तर मोटार कोणत्या देशात बनली यावर ती अवलंबून असू शकते. बांगलादेशचे कपडे युरोपात शुल्कमुक्त जायला २०११ च्या आधी कापडही देशातच बनावं लागे; कापड बाहेरचं असलं की सवलत गेली. पुरवठादार बदलायच्या आधी ही मूळ देशाची अट वाचून घ्या.

भावाला हे सगळं एकदम वाचून दाखवू नका. त्याला फोर्डची उरलेली गोष्ट सांगा, ती त्याला आवडेल. मग वितरकाच्या देशातलं गोदाम त्याच्यावर सोपवा. काम त्याचंच आहे, आणि विकत घ्यायची हौस तिथे भागेल. माणसं तो नेमेल, पगाराचा तक्ता तुम्ही बघा.

तुम्ही या आठवड्यात फाउंड्रीत जा. मालकांना भेटा, चौकशी करा, निरोपाबद्दल आभार माना, आणि मग पॅटर्नच्या खोलीची किल्ली मागा. अठरा वर्षांत तुम्ही किती पॅटर्न बनवून दिले ते तुमच्या वहीत असेल. प्रत्येक पॅटर्न वहीशी ताडून बघा, त्यावर तुमच्या कंपनीचं नाव आहे का ते बघा, नसेल तिथे घालून घ्या, आणि मालकांची सही घ्या की हे सगळे तुमचे. फाउंड्री नव्या मालकाच्या हाती गेल्यावर हे काम दुप्पट अवघड होईल.